ताऱ्यांच्या भट्टीतील मूलद्रव्ये आणि आपला विज्ञानविचार

परिवर्तनवादी चळवळीत 'विज्ञाननिष्ठा' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. तो ठरावात असतो, भाषणात असतो, जयंतीच्या फलकावरही असतो. पण एखाद्या तरुण कार्यकर्त्याने 'हे विज्ञानाला कळले कसे?' असा सरळ प्रश्न केला, की आपल्यापैकी पुष्कळजण एक पोथी बाजूला सारून तिच्या जागी दुसरे पुस्तक पुढे करतात. हेही शब्दप्रामाण्यच होय. विज्ञाननिष्ठा म्हणजे निष्कर्ष पाठ असणे नव्हे. निष्कर्षापर्यंत पोचण्याची वाट ठाऊक असणे आणि त्या वाटेवरचा प्रत्येक पुरावा तपासण्याची तयारी असणे, हा तिचा अर्थ आहे. म्हणून या लेखात मी एकच प्रश्न घेतो. आपले शरीर, शेतातली माती, विहिरीतले पाणी आणि कुऱ्हाडीचे पाते ज्या मूलद्रव्यांचे बनले आहे, ती मूलद्रव्ये मुळात आली कोठून?

हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या वर्गातला आहे, त्याचा समाजचिंतनाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर असे की, चातुर्वर्ण्याची सुरुवातच एका उत्पत्तिकथेने होते. पुरुषसूक्ताने ब्राह्मणाला विराट पुरुषाच्या मुखाशी आणि शूद्राला त्याच्या पायांशी जोडले. माणसामाणसांतला भेद त्यांच्या वागण्यात नसून उत्पत्तीतच आहे, असे ठरवून टाकले. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ सालच्या ग्रंथात आरंभीच या सूक्ताची चिकित्सा केली, ती उगाच नव्हे. जी व्यवस्था उत्पत्तीच्या कथेवर उभी आहे ती नाकारणाऱ्याला उत्पत्तीचा खरा हिशेब माहीत असला पाहिजे.

(१)

प्रथम, तारे कशाचे बनले आहेत हे कळले कसे, ते पाहू. ताऱ्यापर्यंत कोणी गेलेले नाही. फ्रेंच विचारवंत ऑग्युस्त कोंत याने १८३५ साली लिहून ठेवले होते की, ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आतच किरखॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी त्याचे म्हणणे खोटे पाडले. प्रकाश लोलकातून नेला की त्याचा रंगीत पट्टा, म्हणजे वर्णपट, मिळतो. प्रत्येक मूलद्रव्य या वर्णपटात ठरावीक जागी आपल्या रेषा उमटवते. सोडियमच्या रेषा लोखंडाच्या रेषांशी जुळत नाहीत. बोटांच्या ठशासारखीच ही ओळख आहे, आणि ती प्रयोगशाळेतल्या ज्योतीला जशी लागू पडते तशी सूर्यालाही लागू पडते.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच संशोधक जान्सेन यांनी ते आंध्रातल्या गुंटूरहून पाहिले. त्या काळात सूर्याच्या वर्णपटात एक पिवळी रेषा आढळली. ती पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. इंग्लंडमधील लॉकयर यांनी ती नव्या मूलद्रव्याची मानली. त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव मिळाले. १८९५ साली रॅम्झे यांना तोच वायू पृथ्वीवरच्या खनिजातही सापडला. म्हणजे हे मूलद्रव्य आधी सूर्यावर ओळखले गेले आणि मग पृथ्वीवर सापडले.

पण रेषा दिसणे वेगळे आणि प्रमाण कळणे वेगळे. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषांची गर्दी आहे. म्हणून सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच द्रव्याचा असावा, असे विसाव्या शतकाच्या आरंभी मोठमोठे पंडित मानीत. हा समज मोडण्याची किल्ली एका भारतीयाने दिली. त्याचे नाव मेघनाद साहा.

साहा १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात एका गरीब दुकानदाराच्या घरी जन्मले. सवर्ण बंगाली समाज त्यांची जात खालची समजत असे. कलकत्त्याला शिकताना हिंदू वसतिगृहातल्या सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंक्तीला बसण्यास हरकत घेतली आणि सरस्वतीपूजेपासून त्यांना दूर ठेवले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. याच साहांनी १९२० साली आयनीभवनाचे समीकरण मांडले. त्याचा आशय असा: तापमान वाढते तसे अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात, आणि अणूने कोणत्या रेषा किती ठळक उमटवाव्यात हे त्यावर ठरते. म्हणून रेषा फिकट आहे एवढ्यावरून मूलद्रव्य थोडे आहे असे म्हणता येत नाही. गावच्या दप्तरात वस्तीची नोंद नाही म्हणून वस्तीच नाही असे ठरत नाही, तसेच हे. दप्तर कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले ते आधी पाहावे लागते.

या समीकरणाचा आधार घेऊन सिसिलिया पेन या तरुण संशोधिकेने अमेरिकेतील हार्वर्डच्या वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांचा हिशेब केला. ती शिकली केंब्रिजला, पण केंब्रिज त्या काळी स्त्रियांना पदवीच देत नव्हते. १९२५ सालच्या प्रबंधात तिचे गणित सांगत होते की, तारे मुख्यत्वे हायड्रोजन आणि हेलियम यांचेच बनले आहेत. हायड्रोजन तर धातूंच्या सुमारे दहा लाख पट आहे. त्या काळचे मातब्बर खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना हे अशक्य वाटले. त्यांच्या सांगण्यावरून तिला आपल्याच प्रबंधात लिहावे लागले की, हे आकडे बहुधा खरे नसावेत. चार वर्षांनी, १९२९ साली, रसेल स्वतंत्र मार्गाने त्याच निष्कर्षाला आले आणि पेन बरोबर होती असे त्यांनी मान्य केले. हार्वर्डने तिला पूर्ण प्राध्यापकपद दिले ते १९५६ साली.

या कथेतून दोन गोष्टी दिसतात. विज्ञानाच्या क्षेत्रातही अधिकारी व्यक्तीचा दबाव असतो, स्त्रीला आणि खालच्या मानलेल्या जातीतल्या माणसाला दारातच अडवले जाते. पण तेथे आकडे पुन्हा तपासता येतात, आणि तपासल्यावर अधिकाऱ्यालाही माघार घ्यावी लागते. पोथीत ही सोय नाही.

(२)

आता निर्मितीकडे येऊ. विश्वाचा आजचा विस्तार सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी अतिशय तप्त आणि दाट अवस्थेतून सुरू झाला. पहिल्या काही मिनिटांत अणुकेंद्रे बनली ती फक्त हलकी. वजनाने सुमारे ७५ टक्के हायड्रोजन, सुमारे २५ टक्के हेलियम आणि नाममात्र लिथियम. कार्बन नाही, ऑक्सिजन नाही, लोखंड नाही. अशा विश्वात झाड, दगड किंवा माणूस होणे शक्य नव्हते. बाकीचे सारे पुढे ताऱ्यांनी घडवले.

तारा म्हणजे स्वतःच्या वजनाखाली आवळत जाणारा वायूचा गोळा. आवळल्यामुळे गाभा तापतो. सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. तेथे हायड्रोजनची चार अणुकेंद्रे टप्प्याटप्प्याने एकत्र येऊन हेलियमचे एक अणुकेंद्र बनते. चारांच्या वजनापेक्षा या एकाचे वजन किंचित कमी भरते. ही तूट ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते. सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यातले सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा बनते. हान्स बेथे यांनी १९३८-३९ साली या क्रिया स्पष्ट केल्या.

हेलियमच्या पुढे मात्र एक अडचण होती. हेलियमची दोन केंद्रे जोडली की बनणारे बेरिलियम डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधीच फुटून जाते. मग कार्बन बनावा कसा? फ्रेड हॉयल यांनी १९५३ साली असा तर्क मांडला की, बेरिलियम फुटण्याआधीच तिसरे हेलियम त्याला येऊन मिळत असले पाहिजे, आणि ते जमायचे तर कार्बनच्या केंद्राला ऊर्जेची एक विशिष्ट पातळी असलीच पाहिजे. कॅलिफोर्नियात फाउलर यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला, आणि ती पातळी सांगितल्या ठिकाणी मिळाली. हॉयल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू. नारळीकरांनी खगोलशास्त्र मराठीत आणण्यासाठी आयुष्यभर लेखन केले. २०२५ साली ते गेले.

हेलियमपासून कार्बन होण्यास सुमारे १० कोटी अंश तापमान लागते. सूर्यासारखा तारा म्हातारपणी तांबडा आणि राक्षसी आकाराचा होऊन इथवर पोचतो आणि थांबतो. सूर्याच्या आठ पटींहून अधिक वजनाचे तारे पुढे जातात. कार्बनपासून निऑन आणि मॅग्नेशियम, मग ऑक्सिजनपासून सिलिकॉन आणि गंधक, शेवटी सिलिकॉनपासून लोखंडाच्या गटातली मूलद्रव्ये. प्रत्येक टप्प्याला तापमान वाढते आणि मुदत घटते. सूर्याच्या पंचवीसपट वजनाचा तारा घेतला तर हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षे पुरतो, हेलियम सुमारे ७ लाख वर्षे, कार्बन सुमारे ६०० वर्षे, ऑक्सिजन सुमारे सहा महिने, आणि सिलिकॉन अवघा एक दिवस.

लोखंडापाशी हा व्यवहार संपतो. लोखंडाच्या आसपासची अणुकेंद्रे सर्वांत घट्ट बांधलेली असतात. त्यांना जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. आतून रेटा देणारे काहीच न उरल्याने गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरचे थर उधळले जातात. हाच अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा. दुसऱ्या प्रकारचा स्फोट श्वेतबटू ताऱ्यांचा. चंद्रशेखर यांनी १९३० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, श्वेतबटूच्या वजनाची मर्यादा शोधण्यास सुरुवात केली. ती सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. जोडीदार ताऱ्याचे द्रव्य मिळून श्वेतबटू असा स्फोट पावला की तो समूळ उडून जातो आणि भरपूर लोखंड मागे ठेवतो.

(३)

याला पुरावा काय? मी तीन पुरावे सांगतो.

पहिला टेक्नेशियमचा. हे मूलद्रव्य किरणोत्सारी आहे. त्याचा सर्वांत टिकाऊ प्रकारही काही दशलक्ष वर्षांत निम्मा होतो. म्हणून पृथ्वीवर ते साठ्याने मिळत नाही. पण १९५२ साली पॉल मेरिल यांना काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात त्याच्या रेषा दिसल्या. तारे तर अब्जावधी वर्षांचे. जुने टेक्नेशियम केव्हाच संपले असते. ते दिसते याचा अर्थ तेथे ते अलीकडेच बनले आहे. अशा ताऱ्यांत अणुकेंद्रे एकेक न्यूट्रॉन सावकाश गिळून जड होत जातात. बेरियम आणि शिसे यांचा मोठा वाटा याच रीतीने बनतो. १९५७ साली मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉयल या चौघांनी हे सारे धागे एका दीर्घ निबंधात एकत्र आणले. कॅमेरॉन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच मांडले. मार्गारेट बर्बिजला स्त्री म्हणून एका मोठ्या वेधशाळेची दुर्बीण नाकारली गेली होती. पुढे नवऱ्याची मदतनीस म्हणून तिने तेथे वेध घेतले.

दुसरा पुरावा १९८७ सालचा. २३ फेब्रुवारी रोजी सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या मोठ्या मॅगेलन मेघात एका ताऱ्याचा स्फोट दिसला. प्रकाश पोचण्याच्या काही तास आधी जपान, अमेरिका आणि रशिया येथील यंत्रांत मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो कण नोंदले गेले. गाभा कोसळतो हा तर्क खरा ठरला. नंतर त्या स्फोटाचा प्रकाश नेमका किरणोत्सारी कोबाल्टच्या क्षयाच्या वेगाने मंदावत गेला. निकेलपासून कोबाल्ट आणि कोबाल्टपासून लोखंड ही साखळी डोळ्यांसमोर चालू होती. त्या एका स्फोटात तयार झालेले लोखंड पृथ्वीच्या वजनाच्या सुमारे २३ हजार पट भरते.

तिसरा पुरावा १७ ऑगस्ट २०१७ चा. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्यांच्या गुरुत्वीय लहरी यंत्रांनी टिपल्या आणि त्याच घटनेचा प्रकाश जगभरच्या दुर्बिणींनी पाहिला. त्यात अतिशय जड मूलद्रव्ये वेगाने बनत असल्याच्या खुणा होत्या. स्ट्रॉन्शियमची खूण २०१९ साली नक्की ओळखता आली. सोने आणि प्लॅटिनम अशाच घटनांत घडते.

(४)

घडलेले द्रव्य पसरते कसे, हेही पाहिले पाहिजे. मध्यम वजनाचे तारे अखेरच्या काळात आपली बाह्य कवचे सावकाश सोडून देतात. त्यातून कार्बन आणि नायट्रोजन बाहेर येतो. सुपरनोव्हाचे द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने सुटते, वाटेतला वायू ढकलते आणि त्यात मिसळते. काही भागाची बारीक धूळ होते. त्या मेघातून नवे तारे जन्मतात आणि प्रत्येक नव्या पिढीत जड मूलद्रव्यांचा अंश थोडा वाढतो. आकाशगंगेतल्या काही अतिप्राचीन ताऱ्यांत लोखंड सूर्याच्या लाखो पट कमी आढळते. सूर्यात हेलियमपेक्षा जड असलेल्या सर्व मूलद्रव्यांचा वाटा सुमारे दीड टक्का आहे. सूर्य ४.६ अब्ज वर्षांपूर्वी, म्हणजे पुष्कळ तारे मरून गेल्यावर, जन्मला. म्हणूनच त्याच्याभोवती दगडाची पृथ्वी होऊ शकली.

ही धूळ हातात घेऊनही पाहता आली आहे. १९६९ साली ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत सूर्यापेक्षा जुने कण सापडले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार त्यांतले काही सुमारे ७ अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत. हा प्रसार एका दीर्घिकेपुरताही राहत नाही. अनेक स्फोट जवळजवळ झाले की तप्त वायू दीर्घिकेबाहेर फेकला जातो. दीर्घिकांच्या मोठ्या समूहांमध्ये जो विरळ तप्त वायू भरलेला आहे त्यातही सूर्याच्या प्रमाणाच्या सुमारे एकतृतीयांश लोखंड आढळते. ताऱ्याच्या गाभ्यात घडलेले द्रव्य दीर्घिकांच्या मधल्या पोकळीपर्यंत पोचले आहे.

(५)

आता आपल्या हिशेबाकडे वळतो. माणसाच्या वजनात सुमारे ६५ टक्के ऑक्सिजन, १८ टक्के कार्बन, १० टक्के हायड्रोजन आणि ३ टक्के नायट्रोजन असतो. हायड्रोजन विश्वाच्या आरंभीचा, ऑक्सिजन मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांतला, शरीरातले तीन-चार ग्रॅम लोखंड श्वेतबटूंच्या आणि मोठ्या ताऱ्यांच्या मरणातले. यात मुखातला अणू आणि पायातला अणू असा प्रकार नाही. कार्बनच्या केंद्रावर तो कोणत्या शरीरातून आला याची कसलीही खूण राहत नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी ओंजळीत घेतले. त्या पाण्यातला हायड्रोजन तेरा अब्जांहून अधिक वर्षांचा होता, आणि ऑक्सिजन पृथ्वी जन्मण्याच्या आधी फुटलेल्या ताऱ्यांतला होता. ते पाणी माणसाच्या स्पर्शाने बाटले असे मानून शेण आणि गोमूत्र घालून त्याची 'शुद्धी' करण्यात आली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचे अलंकार लोखंडाचे असावेत असा दंडक आहे. सोने वरच्यांना, लोखंड खालच्यांना. तो दंडक लिहिणाऱ्याच्या नसांतही लोखंडच वाहत होते, आणि त्याच्याशिवाय त्याला एक श्वासही घेता आला नसता.

हे खरे असले तरी येथे मी दोन इशारे देऊ इच्छितो.

पहिला इशारा असा. मेघनाद साहांना एका वकिलाने त्यांच्या संशोधनाबद्दल विचारले आणि ऐकून झाल्यावर, यात नवे काय, हे सारे वेदांत आहेच, असे सांगितले. साहांनी पुढे या वृत्तीवर जाहीर कोरडे ओढले. आपण त्यांना दाद देतो. पण बुद्धाने अनित्यता सांगितली, म्हणजे ताऱ्यांचा जन्ममृत्यू त्याला ठाऊक होता, असे कोणी आपल्या सभेत म्हणाला की आपणच टाळ्या वाजवतो. हा तोच रोग आहे. बुद्धाने दुःखाचे कारण शोधायला शिकवले. त्याच्या नावावर सिलिकॉन आणि न्यूट्रॉन जमा करण्याची त्याला गरज नाही, आपल्यालाही नसावी.

दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा. सर्वांचे अणू सारखे, म्हणून सर्व माणसे समान, असा युक्तिवाद करू नये. दगडाचे अणूही तेच आहेत. समता हा अणूंचा गुणधर्म नाही. तो माणसांनी एकमेकांशी कसे वागावे याचा निर्णय आहे. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलना'त हे स्पष्ट केले आहे की, माणसे गुणांनी असमान असली तरी त्यांना शक्य तितके समान वागवणे हाच व्यवहाराचा आधार असला पाहिजे. विज्ञान उत्पत्तीतला भेद खोटा ठरवते. विषमतेचा एक खांब त्याने काढून घेतला. बाकीची इमारत आपल्यालाच पाडायची आहे. पाण्याचे रासायनिक सूत्र पाठ असलेल्या घरांतही वेगळा पेला ठेवला जातो, हे विसरता येत नाही.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याची इच्छा त्याने शेवटच्या पत्रात लिहून ठेवली होती. त्या पत्रात ताऱ्यांच्या धुळीचाही उल्लेख आहे. ज्या ज्ञानाविषयी मी येथे लिहितो आहे ते त्याच्याजवळ होते. त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेने त्याला माणूस म्हणून मोजले नाही.

म्हणून हा प्रश्न शेवटी प्रयोगशाळेच्या दारापाशी येतो. मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरी टिपणारे यंत्र आपल्या शिवारात येत आहे. ज्या मराठवाड्यात एका विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्यासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढावे लागले, तेथील वस्त्यांतली मुले या वेधशाळेत झाडू मारायला आणि पहारा द्यायला जाणार, की तिथल्या नोंदी वाचायला जाणार? याचे उत्तर आजच्या आठवी-नववीच्या वर्गात ठरते आहे. तेथे गणित कोण शिकवतो, प्रयोगाचे साहित्य कपाटातून बाहेर येते की नाही, मुलीला विज्ञान शाखा घेऊ देतात की नाही, यावर ते ठरते.

शिक्षकांना आणि अभ्यासमंडळांना माझी विनंती एवढीच आहे. जयंतीच्या कार्यक्रमात एक संध्याकाळ वर्णपटासाठी ठेवा. एक साधा लोलक घ्या, नसेल तर जुनी गाण्याची तबकडी, म्हणजे सीडी, घ्या. दिव्याचा प्रकाश तिच्यावर पाडा आणि मुलांना रंग मोजू द्या. मग त्यांना साहा आणि पेन यांची गोष्ट सांगा. प्रश्न विचारू द्या. तुम्हाला उत्तर आले नाही तर तसे सांगा आणि पुढच्या बैठकीला शोधून आणा. विज्ञाननिष्ठा ठरावातून येत नाही. ती अशीच येते.